चौकातून चौकटीत

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. घोंगड्या आणि बैलबाजार यांसाठी ती ठाणे जिल्ह्यातच नव्हे तर घाटावरही माहीत आहे. बाजारात बैल पाहायला आलेला माणूस दात बघतो, खांदा चाचपतो, खूर बघतो, दोन पावलं चालवून बघतो. पूर्वी हे सगळं नांगराच्या आणि गाडीच्या हिशेबाने चालायचं. भाताच्या खाचरात चिखलणी करताना बैल टिकेल का, हा प्रश्न असायचा. आता मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात चिखलणी बरीचशी पॉवर टिलरने आणि ट्रॅक्टरने होते. नांगराच्या बैलाला गिऱ्हाईक कमी झालं. शर्यतीच्या बैलाचा भाव मात्र चढत गेला.

शर्यतीचा बैल शेतात उतरत नाही. त्याला खुराक असतो, सांभाळायला माणूस असतो, मैदानावर न्यायला टेम्पो असतो. जिंकला की नाक्यावर बॅनर लागतो आणि त्यावर मालकाच्या फोटोशेजारी बैलाचा फोटो असतो, नावासकट. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालाने शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी राज्यात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदीच्या काळातही मालकांनी बैल राखले, पोसले. कमाई शून्य, खर्च चालू. एवढा खर्च पेलता येतो, हेच त्यातून गावाला दिसत होतं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन वेब्लेनने १८९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हीच गोष्ट शहरी धनिकांबद्दल मांडली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू उपयोगी असते तोवर ती गरज असते, तिच्यावर उपयोगापलीकडे खर्च होऊ लागला आणि तो चारचौघांना दिसू लागला की ती प्रतिष्ठेची खूण होते. वेब्लेनने म्हशाचा बाजार पाहिला नव्हता, पण नांगरातून सुटलेल्या बैलावर त्याचा नियम चपखल बसतो. मला तर वाटतं, शहापूर-मुरबाडमध्ये प्रतिष्ठेच्या ज्या ज्या खुणा आहेत त्या एकेक करून तपासाव्यात आणि प्रत्येक वेळी विचारावं की ही वस्तू कोणत्या कामातून सुटली. इथल्या प्रतिष्ठेवर कुणी ॲक्रिलिक रंगात चित्र काढायला बसलं, तर त्याला हाच प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडेल. आणि तो प्रश्न त्याला स्वतःच्या चित्रालाही विचारावा लागेल, कारण या भागातलं सर्वांत प्रसिद्ध चित्रच तशा वाटेने गेलेलं आहे.

ते चित्र म्हणजे वारली चित्र.

आज ते साडीवर, मगवर, मेट्रोच्या खांबावर आणि हॉटेलच्या भिंतीवर दिसतं. पण मुळात ते एका प्रसंगाचं चित्र आहे. वारली घरात लग्न निघालं की आतल्या कुडाच्या भिंतीला शेणामातीचा आणि गेरूचा हात फिरवतात आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने लग्नाचा चौक लिहितात. बांबूच्या काडीचं टोक चावून चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्याभोवती नक्षीच्या पट्ट्या, आत सूर्य-चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहान देवचौक, आणि त्यात घोड्यावरचा पंचशिर्‍या देव. चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, विधी सांगते. चौक नाही तर लग्न नाही, इतकं ते चित्र कामाचं होतं.

पण त्यात प्रतिष्ठा नव्हती असं मुळीच नाही. लग्न करता येणं हीच या समाजात फार मोठी ऐपत होती. पैसा जमेपर्यंत एकत्र संसार करायचा आणि विधी मागाहून उरकायचे, हे वारली, कातकरी, ठाकूर पाड्यांवर चालत आलेलं आहे. सामुदायिक विवाहात मुलाबाळांसकट मांडवात उभी राहिलेली जोडपी अजूनही दिसतात. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं तर ते फेडायला नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशा वेठीला बांधलेल्या माणसाला लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या पद्धतीची हकीकत लिहून ठेवली आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला, म्हणजे मुरबाड-शहापूरच्या वेशीवर, किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर वारल्यांचा लढा डहाणू, तलासरी, उंबरगावकडे पेटला. वेठ आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध तो होता. म्हणून भिंतीवर चौक असणं याचा अर्थ ‘या घराने लग्न पार पाडलं’ असा होता, आणि कधीकधी ‘त्यापायी आयुष्य गहाण टाकलं’ असाही होता. देवचौकातल्या घोड्याकडे मी याच नजरेने पाहतो. घोडा ही सरदाराची, सावकाराची, अंमलदाराची सवारी. वारल्याच्या दारात घोडा कुठून असणार? त्याच्या देवाला मात्र तो भिंतीवर मिळाला.

चौक फार दिवस टिकावा अशी कुणाची अपेक्षाही नसे. तांदळाच्या पिठाला चिकटून राहण्याची ताकद बेताची. वाळलं की ते भिंतीवर भुकटीसारखं बसतं, हाताला लागतं, धुराने काळवंडतं, पावसाळी ओलीत सुटतं. पुढचं लग्न निघालं की नवा गेरू आणि नवा चौक. भिंत विकता येत नाही, नेता येत नाही. त्यामुळे चित्रही त्या घराचं, त्या पाड्याचं राहायचं. ज्यांना ते वाचता येई तीच माणसं ते पाहत.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा मनस्वी चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूकडच्या पाड्यांवर फिरला. मधुबनीच्या स्त्रियांना कागद देऊन चित्रं काढायला लावणारा तोच. त्याने इथेही कागद दिले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते ज्या सहजतेने हाताळले, त्याला तोड नव्हती. १९३४ मध्ये जन्मलेल्या जिव्यांनी विधीसाठी नव्हे, तर रोज आणि स्वतःच्या मनाने चित्र काढायला सुरुवात केली. मासे पकडायचं जाळं, तारपा नाच, मुंग्यांची रांग, भाताची लावणी, आणि पुढे आगगाडीसुद्धा. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. जिव्या कागदावर चित्रं काढू लागले तेव्हा गंजाड ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याच्या ग्रामीण भागात मुख्यत्वे शहापूर, मुरबाड आणि भिवंडीची खेडी उरली.

या प्रवासातली एक गोष्ट मला सलते. चौक बाईचा होता. बाजार सुरू झाला तसा कुंचला पुरुषाच्या हाती गेला. मुंबईला जाणं, व्यापाऱ्याशी बोलणं, प्रदर्शनात बसणं, हे त्या काळी पुरुषालाच शक्य होतं. यात जिव्यांचा दोष नाही; त्यांची प्रतिभा खरीच थोर होती. पण चित्राला जेव्हा पैसा आणि नाव मिळू लागलं, तेव्हा ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या जपलं त्यांच्याकडे ना पैसा गेला ना नाव.

आता रंगाकडे येऊ. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं तरी तांदळाचं पीठ कागदावर तडकतं, घडी पडली की झडतं. विकायचं चित्र टिकायला हवं. तिथे आधी पोस्टर कलर आला आणि मग ॲक्रिलिक. जिव्यांच्या अनेक मोठ्या चित्रांवर माध्यम म्हणून ‘कॅनव्हासवर शेण आणि ॲक्रिलिक’ अशी नोंद असते. जमीन पाड्याची, रेघ कारखान्यातली.

ॲक्रिलिकची गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सुरू होते. ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये ॲक्रिलिक राळेवर प्रबंध लिहिला. १९३३ मध्ये त्यातून काचेसारखा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बाजारात आला. १९५३ मध्ये अमेरिकेत ही राळ पाण्यात कालवून घराच्या भिंतींसाठी रंग करता येईल अशी झाली, आणि दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग विकायला आला. म्हणजे हा रंगही आधी घराच्या भिंतीवर गेला आणि मग चित्रात. आज आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो याच कुळातला. महाराष्ट्रात शाळकरी मुलांपासून चित्रकारांपर्यंत सगळ्यांच्या हाती रंग पोचवणारी ‘कॅम्लिन’ दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केली होती. आज तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही ॲक्रिलिकच्या ट्यूबा आणि बाटल्या मिळतात.

ॲक्रिलिक काम कसा करतो? पाण्यात ॲक्रिलिकचे डोळ्याला न दिसणारे बारीक कण तरंगत असतात, त्यांच्यासोबत रंगाची पूड असते. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, चेपले जातात आणि जोडून त्यांचा एक सलग पापुद्रा तयार होतो. एकदा तो झाला की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तांदळाच्या पिठाचं नेमकं उलटं. ओलं असताना ती राळ दुधाळ दिसते, वाळल्यावर पारदर्शक होते. म्हणून ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद दिसतो, आणि नवशिक्याची छटा चुकते ती इथे. मेच्या उन्हात मुरबाडला पॅलेटवरचा रंग पाच-दहा मिनिटांत धरतो, चित्रकाराला सारखा पाण्याचा फवारा मारावा लागतो. जुलैत माळशेजच्या ढगात तोच रंग वाळायला तासन्‌तास घेतो. पापुद्रा वाळल्यावरही उष्णतेने किंचित मऊ पडतो, धूळ धरतो. म्हणून चित्र गुंडाळताना प्लास्टिक थेट रंगावर टेकवू नये, ते चिकटतं. मध्ये बटर पेपर घालावा. शेणाची जमीन असेल तर पावसाळ्यात ओल्या भिंतीवर मुळीच टांगू नये, बुरशी धरते.

याच रंगाने जगातलं प्रतिष्ठेचं एक गाजलेलं चित्र झालं. इंग्लंडच्या ढगाळ हवेतून आलेला चित्रकार डेव्हिड हॉकनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला. तिथे घरोघरी पोहण्याचे तलाव पाहून तो चकित झाला, आणि त्या कोरड्या, लख्ख उजेडासाठी त्याने ॲक्रिलिक धरला. १९६७ चं ‘अ बिगर स्प्लॅश’ जवळपास आठ फूट बाय आठ फूट आहे. गुलाबी बैठं घर, दोन ताडाची झाडं, एक रिकामी खुर्ची, निळा तलाव आणि नुकतीच कुणीतरी मारलेली उडी. माणूस दिसत नाही, उसळलेलं पाणी दिसतं. सपाट भाग त्याने रोलरने भरले. दोन सेकंदांत विरणारं ते पाणी मात्र बारीक कुंचल्यांनी रंगवायला त्याला सुमारे दोन आठवडे लागले. पुढे त्याचं १९७२ चं तलावाचंच दुसरं चित्र २०१८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ९ कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं. हयात चित्रकारासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. श्रीमंतीची खूण रंगवलेलं चित्र, आणि मग तेच चित्र त्याहून मोठी खूण.

हे मी सांगतो आहे ते आपल्या दाराशी आलेल्या तलावांमुळे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारा रस्ता घ्या किंवा शहापूरच्या आतले रस्ते घ्या, फार्महाउस आणि रिसॉर्टच्या पाट्या लागतात आणि त्यांवर बहुधा निळ्या तलावाचा फोटो असतो. मुंबईकराला शनिवार-रविवारी तेच हवं असतं. त्याच शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं. भातसा धरणही इथेच, आणि मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा. धरणं भरलेली असतात आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणाऱ्या बायकांचे फोटो दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतात. बैल नांगरातून सुटला, तसं तलावातलं पाणी तहानेतून सुटलं. पण तहान सुटलेली नाही. शहापूरच्या प्रतिष्ठेवर ज्याला चित्र काढायचं आहे त्याने पिकअप, बुलेट, सोन्याची साखळी, हळदीचा डीजे सगळं काढावं; समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीच्या पैशातून उभे राहिलेले रंगीत बंगलेही काढावेत. सरकारने त्या जमिनींना बाजारभावाच्या काही पट मोबदला दिला, आणि पिढ्यानपिढ्या कुडाच्या घरात राहिलेल्या कुटुंबाने स्लॅबचं घर बांधलं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण चित्राच्या मध्यभागी माझ्या मते पाणी हवं. या दोन तालुक्यांत कोण मोठा आणि कोण लहान हे पाण्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

वारली चित्राची भाषा त्याला पुरेल का, असं कुणी विचारेल. पुरेल. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा केलेला माणूस मोबाइल धरू शकतो, टँकरमागे धावू शकतो. त्या भाषेत तोंडावळा नसतो, म्हणून श्रीमंत-गरीब चेहऱ्याने कळत नाहीत. कोण काय उचलतो, कोण कशावर बसतो, कोण रांगेत कुठे आहे, यावरूनच कळतात. प्रतिष्ठेवरच्या चित्राला याहून सोयीची भाषा मी तरी पाहिलेली नाही. शिवाय वारली चित्र कधी गोठलेलं नव्हतं. जिव्यांनी आगगाडी काढली तेव्हाच ते सिद्ध झालं. गोठवलं ते खरेदी करणाऱ्यांनी. त्यांना तारपा नाचच हवा असतो, कारण दिवाणखान्यात तो शोभतो.

दिवाणखान्याचा विषय निघालाच आहे तर अस्सल चित्र ओळखावं कसं, तेही सांगतो, कारण छापील वारली चित्रं हाताने काढलेली म्हणून सर्रास खपतात. चित्र खिडकीपाशी न्या आणि उजेड बाजूने पडू द्या, किंवा मोबाइलचा टॉर्च चित्राला समांतर धरा. हाताने काढलेल्या चित्रात पांढरी रेघ जमिनीच्या वर उचललेली असते, तिची बारीक सावली पडते. रेघ जिथे सुरू झाली तिथे रंग जाड, संपली तिथे विरळ. दोन त्रिकोण कमरेशी मिळतात तिथे रंगाचा लहानसा थेंब साचलेला असतो. छपाईत बहुतेकदा पांढरी शाई नसतेच. यंत्र तपकिरी रंग छापतं आणि रेघेची जागा कोरी सोडतं, पांढरं दिसतं ते मागचं कापड. त्यामुळे रेघेला उंची नसते. भिंगाखाली तपकिरी भागात ठिपकेही दिसतील. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण तुमच्या हातातलं चित्र कुंचल्याचं आहे की यंत्राचं, हे मानांकनाचा शिक्का बघण्यापेक्षा रेघ बघून जास्त खात्रीने कळतं.

आणि चित्र अस्सल ठरल्यावर ते कुणी काढलं हे विचारा. चौकावर सही नसायची, कारण कुणी लिहिला हे अख्ख्या पाड्याला माहीत असायचं. कॅनव्हास पाड्याबाहेर गेला की ती माहिती मागे राहते. दुकानात ‘आदिवासी कला’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला ते पुरतं. मी ते पुरेसं मानत नाही. नाव, गाव आणि साल चित्रामागे लिहून मागावं, आणि शक्य तर पैसे थेट चित्रकाराच्या हाती द्यावेत. ज्यांच्याकडे रिसॉर्टच्या, बंगल्याच्या भिंती रंगवून घेण्याची ऐपत आहे, त्यांनी त्याच तालुक्यातल्या पाड्यावर जाऊन अजून लग्नाचे चौक लिहिणाऱ्या बायकांना काम द्यावं, चौरस फुटाचा भाव बाकी चित्रकारांसारखाच ठरवून. देवीचा चौक मात्र मागू नये, तो लग्नाचा आहे. बाकी काय काढायचं ते त्या ठरवतील.